पेन्सिलीचं शेपूट

टक्.

पेन्सिल टेबलावरून फरशीवर पडली, जरा घरंगळली आणि कपाटाच्या पायाशी जाऊन थांबली. आवाज एवढासाच. पण पोर आत्ता कुठे निजली होती, नळसुद्धा दम धरून होता, आणि दुपारच्या त्या शांततेत तो आवाज कुणी दारावर बोट वाजवावं तसा आला.

ती हातातले कागद तसेच धरून ऐकत राहिली. आतल्या खोलीत बटणनं कूस बदलली, मग पुन्हा सगळं गप्प झालं. बटण हे काही पोरीचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा इतकी गोल आणि एवढीशी होती की तिचा बाबा म्हणाला, हे तर सदऱ्याचं बटण. सहा वर्षं झाली, ते नाव काही तुटून पडलं नाही.

पेन्सिल बोटभर उरलेली, मागच्या टोकाला दातांच्या खुणा असलेली. गेल्या तीन महिन्यांत ती किती वेळा पडली ते तिनं मोजलं नव्हतं, आणि मोजणं तर तिचा धंदा होता. बटणचा बाबा लाकूडकाम करतो. त्यानं टेबलावर बुडबुड्याची पट्टी ठेवून पाहिली, तर बुडबुडा बरोब्बर मधोमध. मग त्यानं पटाशीनं पेन्सिलीची एक कड सपाट तासली आणि म्हणाला, आता हिला पाय फुटले तरच पडेल. दुसऱ्या दिवशी ती पडली. तेव्हापासून तो त्या विषयावर बोलत नाही.

पेन्सिल आईची. वृद्धांच्या निवासातून आईची पिशवी परत आली, तीत चष्मा, फणी, लोकरीची टोपी आणि तळाशी ही होती.

ती खाली वाकली, पेन्सिल उचलली आणि या खेपेला टेबलावर ठेवली नाही. जिथून पडल्याचा आवाज येणार नाही अशा जागी, कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात टाकावी म्हणून तिनं खण ओढला. तर तिथं ते पाकीट होतं. तिचंच, तिनंच चिकटवलेलं, तोंडावर तिचीच सही आणि तारीख. मोजलेल्या मतपत्रिका सहा महिने जपायच्या असतात. तिनं घरच्यासुद्धा जपल्या होत्या.

त्याचं असं झालं होतं.

सरकारनं ठरवलं की निवडणुकीत एकाच नावावर शिक्का मारण्याऐवजी लोकांनी आवडीच्या क्रमानं आकडे लिहावेत: सगळ्यात हवा त्याला १, तो नाही तर २, तोही नाही तर ३. जी गावची परिषद ही पद्धत स्वीकारेल तिला सरकार पत्रिका छापून देणार, मोजणीचं यंत्र देणार, माणसं शिकवून देणार आणि पहिल्या दोन निवडणुका बोट धरून पार पाडून देणार. गावोगावी जाऊन हे समजावायला जी माणसं करारानं घेतली त्यात ती होती. लोक तिला आकडेबाई म्हणत. वाचनालयात, शाळेत, पाण्याच्या टाकीखालच्या सभागृहात ती नमुना पत्रिका वाटायची आणि लोकांसमोर मोजून दाखवायची. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिल्या पसंती नसल्या, तर सगळ्यात मागे पडलेला बाद. त्याच्या पत्रिका फेकायच्या नाहीत, त्यावरची दुसरी पसंती बघून त्या पुढच्याला द्यायच्या. म्हाताऱ्या बायका विचारायच्या, हे कशाला गं एवढं? तेव्हा तिचं उत्तर तयार असायचं. दुकानात गेलात, हवा तो साबण संपलाय, तर रिकाम्या हातानं परत येता का? दुसरा मागताच ना. तसंच.

बायका हसायच्या, माना डोलवायच्या. तिचा या पद्धतीवर जीव होता. कुणाचंच मत वाया जात नाही, असं ती मनापासून सांगायची. मनापासून म्हणूनच तर तिनं ती घरात आणली.

आई दुसऱ्यांदा पडली तेव्हा दादाच्या घरी सगळे जमले होते. आईनं आता कुठे राहायचं, यावर तीन तास बोलणं झालं आणि प्रत्येकजण दुसऱ्याचं मन जपत इतकं गोल बोलला की ते बोलणं फिरून फिरून पहिल्याच जागी यायचं. शेवटी तीच म्हणाली होती की आपण पसंतीक्रमानं ठरवू, गुप्त, म्हणजे कुणाला कुणाचं वाईट वाटायला नको. पिशवीत कोऱ्या नमुना पत्रिका होत्याच. तिनं चार ओळी लिहिल्या: आईचं स्वतःचं घर, दादाकडे, मुलीकडे, निवास. मतदार पाच. आई, दादा, वहिनी, ती आणि बटणचा बाबा. दादा म्हणाला होता, घरात सरकार आणलंस की गं. पण त्यालाही बरंच वाटलं होतं.

आईनं चष्मा पुसला आणि पेन्सिल घेतली.

दादाच्या घराला एकही पहिली पसंती नव्हती. चार मजले जिने चढून जायचं घर. ते बाद. मग आईचं स्वतःचं घर, एक मत, तेही बाद. आता ही पत्रिका दुसऱ्या पसंतीकडे जायची. पण तिच्यावर दुसरी पसंतीच नव्हती. पहिल्या ओळीसमोर १, खाली तीन ओळी मोकळ्या. सरकारी पुस्तिकेत अशा पत्रिकेला संपलेलं मत म्हणतात. तिनं ते रोजच्या सवयीनं म्हटलं, हे मत संपलं, आणि आईची पत्रिका टेबलाच्या कडेला ठेवली. आईसमोर.

उरली चार. मुलीकडे दोन, निवास दोन. बरोबरी झाली तर चिठ्ठी, असा नियम. दोन चिठ्ठ्या केल्या, वाटीत टाकल्या आणि बटणला बोलावलं, कारण लहान मुलाचा हात निष्पाप असतो म्हणतात. बटणनं डोळे घट्ट मिटून चिठ्ठी काढली. निवास.

सातव्या आठवड्यात आई गेली. नुसती छातीत सर्दी झाली होती.

बटणचा बाबा त्या दिवसापासून दादाशी बोलला नाही. त्याचा हिशोब सरळ होता. मी आपल्या घराला मत दिलं. तू तर तिची मुलगी, तूही दिलंस. म्हणजे निवासाची दोन मतं कुणाची ते सांगायला ज्योतिषी नको. ती त्यावर गप्प राहिली होती. पहिल्या दिवशी गप्प राहिली म्हणून दुसऱ्या दिवशीही राहावं लागलं, आणि गप्प राहण्याचंही मग वळण पडतं. कारण निवासासमोरचा एक १ वहिनीचा होता, मोजतानाच तिनं तो वळणावरून ओळखला होता, आणि दुसरा तिचा स्वतःचा. दीड खोलीचं घर, गावोगावची नोकरी, बटणची सततची आजारपणं. आणि निवासात नर्स होती, रात्रंदिवस. तिनं वाईट चिंतलं नव्हतं. फक्त ती फार दमलेली होती.

दादानं आपलं मत बहिणीच्या घराला दिलं होतं. त्यालाही बेरीज येते. निवासाचं दुसरं मत कुणाचं ते त्याला पहिल्याच दिवशी कळलं असणार. तो एका शब्दानं बोलला नाही. मेहुण्याचे टोमणे पाठीवर घेत राहिला. काल त्याचा निरोप आला होता की शनिवारी आईचं घर रिकामं करायचंय, जुनं कपाट जिन्यातून उतरत नाही, ते खोलायला मेहुणा येईल का. बटणचा बाबा म्हणाला, "ज्यानं आईला बाहेर काढलं त्यानंच कपाटही काढावं." ती तेव्हाही भांडीच घासत राहिली.

आता तिनं पाकीट फोडलं.

आईची पत्रिका सगळ्यात वर होती. खिडकीतून आडवं ऊन येत होतं, तिनं कागद त्यात धरला, आणि तिसऱ्या ओळीसमोर, मुलीकडे या शब्दांपुढे, काहीतरी चमकलं. खोडलेलं होतं. शिसं गेलं होतं पण दाबाची खाच राहिली होती. तिनं त्यावरून करंगळी फिरवली. २.

बटण आतून काहीतरी बरळली. आईनं दोन लिहिलं होतं. ते राहिलं असतं तर मुलीकडे तीन आणि निवास दोन. चिठ्ठी पडलीच नसती.

आणि मग आठवलं. आईनं मध्येच विचारलं होतं, रबर आहे का गं? तिनं पिशवीतलं बटणचं सशाच्या आकाराचं रबर दिलं होतं. चुकलं का, आई? तर आई म्हणाली होती,

"चुकलं नाही. जरा जास्त लिहिलं."

हे तिला त्या वेळी गमतीचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला परिषदेची बैठक होती. महिनाअखेरीच्या आत ठराव झाला तरच सरकारची मदत मिळणार होती. सभागृहात अकरा सदस्य, एक करकरणारा पंखा आणि कोपऱ्यात थंड होणारा चहा. अध्यक्षबाईंनी घड्याळ बघत तिला सुरू करायला सांगितलं.

तिनं अकरा नमुना पत्रिका वाटल्या. चौकात आधी काय हवं: बाक, दिवा, झाड की पाण्याचा नळ. सदस्य आकडे लिहू लागले. ती फळ्यावर चौकट आखत होती, तेव्हा डाव्या खांद्यामागून कुणीतरी बघतंय असं तिला वाटलं. हे नवं नव्हतं. तीन महिने झाले, ती एकटीसुद्धा काही लिहायला बसली तरी तिचा डावा हात आपोआप कागदावर आडवा जायचा. वाण्याची यादी लिहितानासुद्धा. आजही खडूचा हात चालला होता आणि दुसऱ्या हातानं ती फळा झाकत होती. अध्यक्षबाई म्हणाल्या, बाई, आम्हाला दिसू द्या की.

पत्रिका गोळा झाल्या. ती मोजू लागली आणि पाचव्या पत्रिकेवर थांबली.

तसं हेही नवं नव्हतं. आई चाळीस वर्षं बालवर्गाची बाई होती. निम्म्या गावानं पहिला आकडा तिच्या हाताखाली गिरवला होता: आधी गोल गाठ, ती नीट बंद करायची, मग लांब शेपूट, खालच्या रेघेला टेकेपर्यंत. त्यामुळे ती गावात कुठेही सराव घ्यायला गेली की गठ्ठ्यात आईचा १ सापडायचाच. भाजीवाल्याच्या हातचा, नर्सच्या हातचा, बँकेतल्या साहेबाच्या हातचा. आई जिवंत होती तेव्हा तिला याचं हसू यायचं, घरी येऊन ती आईला सांगायची की आज नऊ जणांच्या हातात तुझा १ भेटला. आई गेल्यावर ते आकडे येणं काही थांबलं नाही. आता ती गठ्ठा उलगडायचं लांबवू लागली.

पण ही पत्रिका निराळी होती. आईचा १, आणि खाली तीन ओळी मोकळ्या.

"ती माझी," मागच्या रांगेतून आवाज आला. "लपवायचं काय त्यात."

तो सदस्य साठीकडे झुकलेला, टायर विकणारा. प्रत्येक ठरावावर तो आधी पण म्हणायचा, मग परंतु, म्हणून साऱ्या गावानं त्याचं नाव पण-परंतु ठेवलं होतं. तो म्हणाला की त्याला झाडच हवंय, दिवा-बाक-नळ यातलं दुसरं-तिसरं काही नको आहे, आणि सरकारनं त्याला अर्धवट आवडणाऱ्या गोष्टींना आकडे द्यायला लावू नयेत.

"पण मला एवढंच सांगा," तो म्हणाला, "झाड बाद झालं, की माझ्या या कागदाचं काय होतं?"

हा प्रश्न तिला शंभर वेळा विचारला गेला होता. उत्तर तीन शब्दांचं होतं आणि कागद कडेला ठेवायचा होता. तिनं तो उचलला. हात टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथून खाली येईना. पंखा करकरत होता. कुणीतरी चहाचा घोट घेतला.

"हे मत संपतं," ती अखेर म्हणाली. "पुस्तिकेत तसंच आहे. आणि पद्धत चांगली आहे, ती घ्या, असंच मी अजूनही सांगेन. चार जणांत फाटलेलं गाव ती जोडते, मी सात गावांत पाहिलंय. पण मी आत्तापर्यंत सगळ्यांना साबणाची गोष्ट सांगत आले. हवा तो साबण नसला तर माणूस दुसरा घेतो म्हणून. माझी आई घेत नसे. ती रिकाम्या हातानं घरी यायची. अशी माणसं असतात. त्यांना मोजणीच्या टेबलावर कडेला ठेवण्याआधी कुणीतरी थांबायला हवं. एकच आकडा असलेली मतं किती, हे निकालाबरोबर मोठ्यानं वाचून दाखवा. आणि माणसं शिकवायला सरकार जी मदत देतंय, तीत हे शिकवा की पुढचे आकडे लिहिता येतात, लिहिले तर काय होतं आणि नाही लिहिले तर काय होतं. घाई न करता." मग तिला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटली, आणि ती सरळ कुणाकडे न बघता म्हणाली, "आणि ज्या गोष्टीवर मत घेऊच नये, तिच्यावर घेऊ नका. तिथे कुठलीच पद्धत चालत नाही."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग लेखनिकाला सांगितलं, एकाकी आकड्यांचं वाचन ठरावात घाला. पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारावी की नाही, यावर हात वर करून मतदान झालं. सात विरुद्ध चार. कुणीतरी म्हणालं, याला पण आकडे द्यायला हवे होते, आणि थोडं हसू पिकलं. पण-परंतुनं विरोधातच हात वर केला होता.

तरी बैठक उठल्यावर तो जिन्यात तिच्यासाठी थांबला. त्यानं विचारलं की ती बाईंची मुलगी ना. मग दोन पायऱ्या तिच्याबरोबर उतरला आणि एकदम लहान मुलासारखा हसला.

"आम्ही पाटी झाकून उत्तरं लिहायचो. त्या समोर उभ्या. पाटीकडे बघायच्याच नाहीत. पेन्सिलीचं शेपूट कसं हलतंय तेवढं बघायच्या आणि म्हणायच्या, सात नको रे, आठ लिही. मला अजून कुठे काही लिहिताना वाटतं, बाईंना कळलं."

ती पायरीवरच थांबली. तो बोलतच खाली गेला.

तिला हे ठाऊक नव्हतं थोडंच. तीही त्याच वर्गात बसली होती, तिचेही सात त्याच डोळ्यांनी आठ केले होते. ती विसरली होती. त्या दिवशी दादाच्या टेबलाशी आई तिच्या डाव्या हाताला बसली होती. तिनं कागदावर हात आडवा धरला होता, नीट, नियमाप्रमाणे. पण पेन्सिलीचं वरचं टोक कुणी झाकत नाही. ते खाली चौथ्या ओळीपर्यंत, निवासापर्यंत, गेलं होतं, तिथे एक गाठ झाली होती, एक लांब शेपूट ओढलं गेलं होतं, आणि शेजारून विचारलं गेलं होतं, रबर आहे का गं?

घरापर्यंतचा रस्ता तिनं कसा कापला ते तिला नंतर आठवलं नाही. किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, लाँड्रीची वाफ, शाळेची भिंत, सगळं बाजूनं सरकत गेलं. आईनं आपलं दोन खोडलं होतं. मुलीला नको होतं तिथे आईला आकड्याच्या जोरावर यायचं नव्हतं. आणि ज्या भावानं तिच्यासाठी तोंड शिवून घेतलं होतं, त्याला उद्या, शनिवारी, एकट्यानं ते कपाट जिन्यातून उतरवायचं होतं. एवढं तिनं ठरवलं की घरात पाऊल ठेवल्याबरोबर सांगायचं. चप्पल काढायच्याही आधी. चहाला बसलं की ते राहून जाईल, हे तिला माहीत होतं.

दार उघडंच होतं. बटणचा बाबा जेवायला आला होता आणि जमिनीवर बसून एका खुर्चीचा ढिला पाय ठोकून बसवत होता. बटण टेबलाशी गुडघ्यांवर उभी होती. तिच्यासमोर कोऱ्या नमुना पत्रिका पसरल्या होत्या आणि ती जीभ बाहेर काढून काहीतरी लिहीत होती, डाव्या हातानं कागद झाकून. हातात ती पेन्सिल होती. काल ती तळच्या खणात गेली होती.

"हिला मीच काढून दिली," बाबा मान वर न करता म्हणाला. "रडायला लागली होती. झालं का ठराव?"

"झाला," ती म्हणाली. उंबऱ्यातच उभी राहून. "ऐक. मला तुला काहीतरी सांगायचंय. दादाबद्दल."

"त्याचं नाव नको जेवायच्या वेळी."

"नाही. ऐकच."

त्यानं हातोडी खाली ठेवली. बटणचा हातही थांबला. तिनं आईकडे पाहिलं, मग बाबाकडे, मग पुन्हा आईकडे. वाटीत हात घालताना जितके घट्ट तिनं डोळे मिटले होते, तितकेच आता ते उघडे होते.

"आई," ती म्हणाली, "बाबा म्हणतो आजीला मामानं निवासात पाठवलं. पण चिठ्ठी तर मी काढली होती. मग खरं कुणी पाठवलं?"